देवाशी धरलेला अबोला

देवावर रागावलेली माणसं बहुधा देव मानायचंच सोडून देतात. मला ते जमलं नाही. तो आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही, आणि म्हणूनच मी त्याच्याशी अबोला धरला. जो नाहीच, त्याच्याशी अबोला धरून कुणाचं काय बिघडणार? चार वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा मात्र लावायची. तो दिवा आजीनं लावला, आईनं लावला, तो बंद करण्याचा अधिकार माझा नव्हे असं मला वाटायचं. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात, सगळं रीतसर. फक्त त्या वेळी जी ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हणायची असते, ती म्हणायची नाही. ओठ घट्ट मिटून काडी ओढायची आणि वळून स्वयंपाकघरात निघून जायचं. वाशीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात देव आणि मी, भांडलेल्या दोन जावांसारखे राहत होतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात आणि मीही तेच म्हणते. शेजाऱ्यांचा त्यामुळे गोंधळ उडतो, तो मी उडू देते. खारघर ओलांडून पुढे गेलं की एका जुन्या गावात आमची छोटीशी मशीद आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सणाच्या दिवशी तिथे बसायला जागा मिळत नसे. मग एकेक घर इस्राएलला गेलं. उरलेल्या आम्हां दहा-बारा घरांवर ते आजारपणाचं वर्ष आलं. आमचे हझान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, त्यात गेले. दोन म्हाताऱ्या बहिणी एका आठवड्यात गेल्या. आणि हे गेले. त्याच पावसाळ्यात मशिदीचं अर्धं छप्पर वाऱ्यानं उचललं, भिंतींनी पाणी धरलं आणि दाराला कुलूप लागलं.

हे एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. परीक्षानळ्या पुसून पुसून स्वभावच तसा झालेला. घरातला चष्मासुद्धा ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूला तोंड करून ठेवलेला असायचा. पंचवीस वर्षं नव्याच्या सणाला मशिदीत शोफार यांनीच फुंकला. नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, भाद्रपद सरता सरता येणारं, आणि शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. त्या सकाळी ते शिंग ऐकणं हीच त्या दिवसाची मुख्य गोष्ट. त्याला सूर-ताल नाही, बोल नाहीत. एक लांब सरळ हाक, मग तीन तुटक हुंदके, मग नऊ बारीक कापरे स्वर, आणि पुन्हा ती लांब हाक. सणाच्या आधी महिनाभर हे बाथरूममध्ये शिरून, दाराखाली टॉवेल लावून सराव करायचे. सोसायटीत तक्रार नको म्हणून. मी बाहेर भाजी चिरत ऐकायची आणि चुकलं की दारावर लाटणं आपटायची.

यांना ॲम्ब्युलन्स घेऊन गेली तेव्हा मलाही ताप होता. मी घरात कोंडलेली, हे वॉर्डात. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. सहाव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. पांढऱ्या सूटमधल्या, फक्त डोळे दिसणाऱ्या कुणीतरी फोन यांच्यासमोर धरला होता. यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांची चिमूट करून ते तोंडाजवळ नेत होते आणि काहीतरी उपटल्यासारखं बाजूला ओढत होते. पुन्हा पुन्हा तेच. मी विचारलं, भूक लागली का? मान हलली, नाही. पाणी? नाही. मास्क काढायचाय? नाही. मग रेंज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दफनाला चार माणसं होती. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. चारांत कद्दिश होत नाही.

मला दुःख तर होतंच, पण त्यापेक्षा ती चिमूट मला छळायची. ज्या माणसाने तीस वर्षांत माझ्याकडे दुसऱ्यांदा भाजीसुद्धा मागितली नाही, त्याने जाताना काहीतरी मागितलं आणि मला ते समजलं नाही. आणि ज्याने पंचवीस वर्षं आपला श्वास देवाच्या कामी लावला, त्याला देवाने शेवटी श्वासच पुरवला नाही. हा कुठला व्यवहार? मी तसं त्याला विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्या दिवसापासून मी बोलणं थांबवलं. शोफार यांच्या मखमली पिशवीत, कपाटात, यांच्या प्रार्थनेच्या शालीखाली पडून राहिला. तो मागायला यायची कुणाची हिंमत झाली नाही. माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे.

हिंमत केली ती सॅम्सनकाकांनी. ते आमच्या मशिदीचे मुकादम, म्हणजे कारभारी. वय ब्याऐंशी. लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने चढून आले आणि आधी पंख्याखाली बसून दम खाल्ला.

"बाय, छप्पर झालं. यंदा नव्याच्या सणाला मशीद उघडतोय," मग ते म्हणाले.

"चांगलं झालं."

"शोफार तुझ्याकडे आहे."

"आहे, घेऊन जा. पण मी यायची नाही."

"तुला ये कोण म्हणतंय?" काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "शोफार डॅनियल फुंकणार. त्याला येत नाही. तुझ्या कानाला येतं. तेवढं शिकव."

"मी आयुष्यात कधी फुंकलेला नाही, काका."

"ऐकलायस ना? तेवढं पुरे."

म्हाताऱ्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ते ऐकू येत नसल्याचं सोंग करतात. दुसऱ्या दिवसापासून डॅनियल यायला लागला. ऐरोलीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, चाळिशीचा, गोल पोटाचा, फार चांगला माणूस. त्याने आयुष्यात वाढदिवसाच्या फुग्यांखेरीज काही फुंकलेलं नव्हतं. मी मखमली पिशवी उघडली तेव्हा लवंगेचा मंद वास आला. आमच्याकडे शनिवारी शब्बाथ संपताना सगळ्यांनी मसाल्याचा वास घ्यायची रीत आहे. तोच वास यांच्या शालीत राहिला असेल असं मी मनाला सांगितलं. डॅनियलने टॉवेल घेतला, बाथरूममध्ये गेला, आणि आतून आवाज आला, फुस्स.

दोन आठवडे तोच आवाज येत राहिला. मी दाराबाहेरून सांगायची, ओठ घट्ट कर, गाल फुगवू नकोस, पोटातून हवा आण, तुझ्याकडे पोट आहे. तो बिचारा घामाघूम होऊन, लालबुंद होऊन बाहेर यायचा, सरबत प्यायचा आणि पुन्हा आत जायचा. समोरच्या मीनाताईंनी एकदा दार उघडून विचारलं, "ओ, तुमच्या कुकरची शिट्टी खराब झाली का? आमच्याकडे एक जास्तीची पडलीय, देऊ का?" डॅनियलने ते ऐकलं आणि आतूनच हसायला लागला. त्या घरात चार वर्षांनी कुणीतरी मोठ्याने हसलं होतं. मीही हसले, पण नंतर मला त्याचा रागच आला.

सणाला पाच दिवस उरले तेव्हा डॅनियल शोफार टेबलावर ठेवून म्हणाला, "आंटी, सॉरी. मला वाटतं अंकलनंतर हा दुसऱ्या कुणाचं ऐकणारच नाही."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ते ऐकून मला बरं वाटलं. वाटलं, तेच योग्य आहे. माझा माणूस गेला तर त्याचा आवाजही त्याच्याबरोबर गेलेला बरा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो का यावा? तसं मी डॅनियलला बोलले नाही, पण त्याला धीरही दिला नाही. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. मुंबईच्या मशिदींमध्ये विचारून झालं होतं, पण त्या सकाळी प्रत्येकाला आपला शोफार आणि आपला फुंकणारा लागतोच. "मग सण झाल्यावर आपली सेफेर तोरा मुंबईला पोचवू," काका म्हणाले. सेफेर तोरा म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी, मशिदीचा प्राणच तो. "नव्याच्या सणाला ज्या मशिदीत शोफार नाही, ती कसली मशीद? गोडाऊन. मी छप्पर उगाच घातलं, बाय." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मघाच्या बरं वाटण्याची मला लाज वाटली.

त्या रात्री मी गहू भिजत घातले. का घातले ते मला सांगता येणार नाही. नव्याच्या सणाला आमच्या घराघरांत गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा होतो, आणि चीक काढायचा तर गहू तीन दिवस भिजावे लागतात. चार वर्षं मी हलवा केला नव्हता. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी चीक तयार झाला आणि लक्षात आलं की घरात नारळच नाहीत. बाजारात गेले तर त्याच दिवशी घटस्थापना! नारळवाल्यासमोर ही झुंबड. मी नारळ कानाशी धरून हलवून पाहत होते, तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडे टक लावून बघत असल्याचं जाणवलं. पंचेचाळीस-पन्नासची, सावळी, हातात मेथीची जुडी. मी तिला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

"ताई, रागावू नका हां," ती म्हणाली. "तुमी त्या शिंगवाल्या बाबांच्या मिसेस ना?"

माझ्या हातातला नारळ खाली पडला.

तिचं नाव वंदना. त्या वर्षी ती वॉर्डात मावशी म्हणून कामाला होती. फोन तिनेच धरला होता. मी तिचे फक्त डोळे पाहिले होते, पण तिने फोनच्या पडद्यावर माझा अख्खा चेहरा पाहिला होता. आम्ही गर्दीतून बाजूला झालो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. "तुमचा फोन कट झाला ना, मग बाबांनी मला जवळ बोलावलं," ती सांगू लागली. "मास्क जरा बाजूला केला. मी ओरडले, पण ऐकतायत कुठं? म्हणाले, घरी शिंग आहे. त्याच्या तोंडात लवंग घातलीय, किडा-मुंगी जाऊ नये म्हणून. बायकोला म्हाईत नाही. तिला सांग, आधी लवंग काढ, मग शिंग कुणालाही दे."

"असंच म्हणाले? कुणालाही दे?"

"असंच. दोनदा म्हणाले. आमाला वाटलं तापात बडबडतायत. शिंग काय, लवंग काय! पण माणूस हसत होता ओ सांगताना. मी बोलले, उद्या परत फोन लावते. तर संध्याकाळी मलाच ताप भरला. बरी झाले तोवर कंत्राट संपलेलं, गावाला गेले, तुमचा नंबर कुठून आणू? लई वर्षं मनात राहिलं. आज तुमाला बघितलं आणि..." तिने पदराने डोळे पुसले. मी पुसले नाहीत. भर बाजारात, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन, मी हमसाहमशी रडले.

ती चिमूट लवंगेची होती. त्या माणसाला ना भूक लागली होती, ना तो देवाकडे श्वास मागत होता. आपण आता फुंकणार नाही हे त्याने ओळखलं होतं, मान्य केलं होतं, आणि काळजी कशाची, तर पुढच्या माणसाची अडचण होऊ नये याची. चार वर्षं ज्याच्या वतीने मी देवाशी भांडत होते, त्याचं स्वतःचं काही भांडणच नव्हतं. माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा कमी व्हायच्या आणि खोकल्यासाठी नेतात असं समजून मी यांना बोलायची, तेही तेव्हा आठवलं.

घरी येऊन मी क्रोशाची सुई घेतली. लवंग तोंडाशी दिसत नव्हती, आत घसरून वळणाजवळ अडकली होती. दहा मिनिटं लागली. काळी, सुकलेली, टोक मोडलेली एक लवंग माझ्या तळहातावर आली. मी डॅनियलला फोन केला. तो ऑफिस सोडून धावत आला. लवंग बघून त्याने कपाळाला हात लावला आणि शोफार उचलून सरळ ओठांकडे नेला.

"थांब, आज नाही फुंकायचा," मी म्हटलं.

आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी शोफार फुंकत नाहीत. का, याची कारणं मोठी माणसं वेगवेगळी सांगतात, पण फुंकत नाहीत हे खरं. डॅनियल म्हणाला, "आंटी, एकदाच. हळू. वाजतो का तेवढं बघू. उद्या सगळ्यांसमोर नाही वाजला तर?" खरं सांगते, मोह मलाही झाला होता, तो यायच्या आधी मी शिंग दोनदा तोंडाजवळ नेलं होतं. पण ज्याच्याशी मी बोलत नव्हते, त्याचा नियम मोडायची माझी तयारी नव्हती, हे माझं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "नाही वाजला तर नाही वाजला. आपल्याकडून लवंग काढून झाली. पुढचं त्याचं तो बघेल." आणि मग मी हलवा ढवळायला घेतला. डॅनियलने अर्धा तास ढवळला, हात दुखायला लागल्यावर माझ्याकडे दिला.

सकाळी मी पांढरी साडी नेसले आणि मशिदीत गेले. पायरीशी काका उभे होते. त्यांनी हलव्याची थाळी माझ्या हातातून घेतली. आत नव्या रंगाचा वास. जुने बाक तेच होते, पण मधे मधे मोकळे. हझान बसायचे ती जागा, दोघी बहिणी बसायच्या ती जागा, कुणी तिथे बसलं नव्हतं. यांची जागा बघायचा मला धीर होईना. प्रार्थना झाल्या, सेफेर वाचून झाली, आणि डॅनियल पुढे येऊन उभा राहिला. शाल डोक्यावरून ओढून त्याने शोफार हातात घेतला.

शोफारच्या आधी जी ब्राखा म्हणतात ती मी पंचवीस वर्षं यांच्या तोंडून ऐकलेली. तीत शोफार फुंकण्याबद्दल शब्द नाही. आम्हाला शोफारचा आवाज ऐकायची आज्ञा दिलीस, असं ती म्हणते. फुंकणारा एकच असतो, आणि त्यालाही शेवटी ऐकायचंच असतं. इतकी वर्षं हे माझ्या कानांवरून गेलं होतं. डॅनियलने ब्राखा संपवली. सगळे आमेन म्हणणार, त्या क्षणात मी यांच्या जागेकडे पाहिलं, आणि माझे ओठ उघडले. आमेन. चार वर्षांतला देवाशी माझा पहिला शब्द. शोफार अजून वाजला नव्हता, वाजेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी बोलले होते.

मग तो वाजला. दोन आठवडे अडलेल्या शिंगातून हवा ढकलून ढकलून डॅनियलची छाती अशी तयार झाली होती की पहिल्याच फुंकेला ती लांब हाक नव्या छपराला जाऊन भिडली. आवाज यांचा नव्हता. जरा जाडा, मधेच चिरकणारा, डॅनियलचा होता. काका दोन्ही हातांनी बाकाची पाठ धरून रडत होते. मी हिशेबाने कान देत होते, तीन हुंदके, नऊ कापरे स्वर, पुन्हा लांब हाक. एके ठिकाणी चुकला. लाटणं जवळ नव्हतं.

वंदनाच्या भेटीला चमत्कार म्हणावं की योगायोग, हे मी ठरवत बसत नाही. ती आता अधूनमधून घरी येते. हलवा तिला आवडला, फक्त तिच्या मते गोड कमी होता. एवढंच मला कळलं, की मी तोंड फिरवून बसले होते तेव्हाही माझ्यासाठीचा निरोप कुणीतरी जपून ठेवला होता, आणि मी नारळ घ्यायला बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली होती. त्या शुक्रवारी दिवा लावताना मी ब्राखा म्हटली. सवय गेल्यामुळे दोनदा चुकले. त्याने सांभाळून घेतलं असावं.

पुढे उपासाचा मोठा दिवस पार पडला, शिंगाचं वर्षाचं काम संपलं, तेव्हा डॅनियल शोफार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आंटी, एक लवंग द्या." मी डब्यातली चांगली टपोरी बघून दिली. ती त्याने शिंगाच्या तोंडात बसवली. मग मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो कागद मखमली पिशवीत ठेवला: आत लवंग आहे. आधी ती काढा, मग शोफार कुणालाही द्या.